हजार वॅटची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची शेगडी आहे आणि सध्या सुरतच्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पडून आहे. घाबरू नका, मी चोरीमारी केलेली नाही. माझ्या पायाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर मला 'मुद्देमाल' म्हटले आहे. एका बाजूला वाकलेली सायकल आहे, दुसऱ्या बाजूला कुणाचे तरी कुलूप तोडलेली पहार. दोघी दिवसभर गप्प असतात. मला मात्र बोलायचे आहे. माझ्याविषयी वर्तमानपत्रात जे दोन ओळींत छापून आले ते खरे नाही. खरे काय ते एका मुलीला कळले होते, पण तिचे कुणी नीट ऐकले नाही.

माझा जन्म उधन्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडाचे अंग, तीन पाय, वर चिनी मातीची गोल तबकडी आणि तबकडीत फिरत फिरत आत जाणारी खाच. त्या खाचेत एक लांब, वळ्यावळ्यांची तार बसवली. लोक तिला स्प्रिंग म्हणतात. तीच माझा जीव. तांब्याच्या तारेतून वीज बिनबोभाट निघून जाते, पण माझ्या तारेतून जाताना तिला अडखळावे लागते, आणि त्या अडखळण्यातून धग निघते. शाळेच्या पुस्तकात ह्या अडवण्याला रोध म्हणतात.

कारागिराने ती तार मोजून कापली होती. घरात येणाऱ्या विजेचा दाब असतो दोनशे तीस व्होल्ट. तेवढ्या दाबाने माझ्यातून साडेचार अँपिअरच्याही आत वीज वाहावी आणि मी हजार वॅटची धग द्यावी, असे ते माप होते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात, आणि व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. माझा रोध होता त्रेपन्न ओहमच्या आसपास. माझ्या पोटाखाली एक पत्र्याची पट्टी ठोकली होती, २३० व्होल्ट, १००० वॅट. मला त्या पट्टीचा फार अभिमान वाटायचा. माणसांना नावे असतात, मला ते आकडे होते.

लिंबायतच्या बाजारातून मला सरलाबाईने घरी आणले. सरलाबाई, तिचा नवरा दगा, मुलगी हर्षदा आणि दगाचा धाकटा भाऊ योगराज, एवढी चार माणसे एका खोलीत राहायची. अमळनेरकडची मंडळी. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती, असा त्यांचा बोलण्याचा कारभार. पाच खोल्यांची एक लांबट ओळ होती आणि त्यातली पहिली खोली ह्यांची. घरमालकाचे मीटर त्यांच्याच दाराशी होते. मीटरपासून निघालेली वायर आधी ह्यांच्या माळ्यावरून जायची आणि मग भिंतीला भोके पाडून पुढच्या खोल्यांत शिरायची.

दगा उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, दिवसपाळी करायचा. योगराज बमरोलीला रातपाळी. सकाळी एक भाऊ डबा घेऊन बाहेर पडायचा त्या वेळेला दुसरा कानात लूमची खडखड घेऊन घरी यायचा, आंघोळ करायचा, खायचा आणि लोखंडी शिडीने माळ्यावर चढून झोपायचा. माळ्यावर त्याच्या एकट्याचे अंथरूण नव्हते. सरलाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. त्याला तिकडे डायमंडचे काम म्हणतात. व्यापाऱ्याकडून आलेल्या साड्यांचे गठ्ठे माळ्यावर रचलेले असायचे आणि त्यांच्या मधल्या जागेत योगराज आडवा व्हायचा. उशाला वायर, दोन्ही बाजूंना साड्या. दिवसा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो एक गठ्ठा शिडीच्या भोकाच्या बाजूला सरकवून ठेवायचा. झोप अशी गाढ की खाली भांडे पडले तरी कूस बदलायचा नाही. बारा तास लूमच्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाला भांड्याचा आवाज तो काय!

सुरुवातीची वर्षे माझी बरी गेली. गॅसची टाकी असून नसल्यासारखी होती, म्हणून सकाळचे सगळे माझ्यावर पडायचे. चहा, आंघोळीचे पाणी, दगाच्या डब्याची भाजी. मी मंद होते, हे कबूल आहे. पण माझ्यावर भाजी कधी करपली नाही आणि माझी वायर कधी तापली नाही.

एके दिवशी दूध उतू गेले आणि लालभडक तारेवर सांडले. तार तडकली, मी विझले. सरलाबाई कपाळाला हात लावून बसली. योगराज झोपेतून उठला, पक्कड घेतली, तुटलेली दोन्ही टोके ओढली, जळकी वळी कापून टाकली आणि उरलेल्या टोकांचे आकडे करून एकमेकांत अडकवले. तार थोडी आखूड झाली होती, म्हणून ताणून खाचेत बसवली. वरून बघणाऱ्याला काहीच कळले नसते. मी पुन्हा लाल झाले आणि पहिल्यापेक्षा जास्त लाल झाले.

"देख वहिनी, कशी लाल व्हयनी!" योगराज म्हणाला.

"चहा तं लगेच व्हई गया," सरलाबाई म्हणाली. "तुना हातमा जादू शे."

मित्रांनो, आयुष्यात माझे पहिले कौतुक झाले ते मी तुटल्यावर. जोड म्हणजे कच्ची जागा. थोड्या दिवसांनी तार जोडापाशीच पुन्हा तुटली. पुन्हा पक्कड, पुन्हा चार वळी कमी, पुन्हा ताणाताण. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दर वेळी माझा रोध घटत होता, म्हणजे विजेला अडवणारे कमी होत होते, म्हणून ती जास्त लोटली जात होती आणि मी जास्त पेटत होते. माझे अंग भाजून निघायचे आणि घरात आनंद. योगराजने तर त्याचा अर्थही लावून टाकला होता. मालक लाईटबिलावरून दाराशी येऊन ओरडायचा, तेव्हा तो छातीठोकपणे सांगायचा, "तार कमी व्हयनी, म्हणजे लाईट बी कमी खाई. आते मालक काही बोलणार नही."

हे मात्र ऐकून मला ओरडावेसे वाटायचे. लहान पोळी खाल्ली तर पोट कमी भरते, हे खरे आहे. पण माझी तार म्हणजे पोळी नव्हे. माझी तार म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी. पहारेकरी अर्धे केले तर आत येणारे कमी होतील का? पण योगराजसारख्या शहाण्या माणसालाही ते सुचले नाही, आणि त्या ओळीतल्या एकालाही सुचले नाही. सगळ्यांना डोळ्यांसमोर एकच दिसत होते, की तार छोटी झाली आणि चहा लवकर होतो.

मग माझ्या वायरीचा प्लग वितळला. दगाने प्लग काढून फेकला, वायरीची उघडी टोके भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांत खुपसली आणि ती निघू नयेत म्हणून शेजारी काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या. मग मीटरजवळचा फ्यूज रोज सकाळी उडायला लागला. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. जास्त वीज आली की आधी तिने जळायचे आणि बाकीच्यांना वाचवायचे, एवढेच तिचे काम. पण फ्यूज उडाला की दगाला पाळीला उशीर व्हायचा आणि मुकादम दारातूनच परत पाठवायचा. एका सकाळी वैतागून त्याने फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार वेढे देऊन बसवली. त्यानंतर फ्यूज कधी उडाला नाही. दगाने सुटकेचा निःश्वास टाकला.

हर्षदा दहावीत होती, मराठी शाळेत. विज्ञानाला सुषमाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी मुलांना सांगितले की घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूखाली लिहिलेले वाचून या आणि तिच्यातून किती धारा वाहते, तिचा रोध किती, ते काढा. हर्षदाने मला उलटे केले, पट्टी पुसली, आकडे वाचले. साड्यांवर खुणा करायच्या खडूने फरशीवर गणित मांडले. उत्तर आले तेच, साडेचारच्या आत. पण पोरगी तिथे थांबली नाही. ती माझ्या तारेकडे बघत बसली. इतके जोड पडलेल्या शेगडीची पट्टी अजून खरी कशी असेल, असे तिला वाटले असावे. मला तेव्हा तिचा फार लळा लागला. इतक्या वर्षांत माझ्या तारेकडे बघून विचार करणारी ती पहिली.

तिने काकाला विचारले. योगराजला भाचरे-पुतण्यांची हौस मोठी. लूमवरच्या वायरमनशी त्याची दोस्ती होती. सुटीच्या दिवशी तो त्याच्याकडून टाँग टेस्टर मागून घेऊन आला. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखे तोंड असलेले मीटर. वायर त्या चिमट्यात धरली की तिच्यातून किती अँपिअर वाहतात ते समोर दिसते, वायर कापावी लागत नाही.

योगराजने मोठ्या ऐटीत माझी पूर्ण वायर चिमट्यात धरली. मीटरवर शून्य. शेजारची ताराबाई दारात उभी होती, ती फिदीफिदी हसली. योगराजने डोके खाजवले, मग वायरमन कसे करतो ते आठवून वायरीचे दोन पदर वेगळे केले आणि एकच पदर चिमट्यात घेतला. जाणारी आणि येणारी वीज दोन्ही एकदम धरली तर त्या एकमेकींना खोडून काढतात आणि मीटर काहीच दाखवत नाही. एकीला धरले आणि आकडा आला. साडेआठ.

हर्षदाने मीटरची टोके सॉकेटच्या भोकांना लावून दाबही बघितला. दोनशे तीस. ती फरशीवर बसली. दोनशे तीस भागिले साडेआठ, रोध सत्तावीस. त्रेपन्नचा सत्तावीस उरला होता, म्हणजे माझा अर्धा जीव पक्कडीने कापून नेला होता. मग तिने गुणाकार केला. दोनशे तीस गुणिले साडेआठ. एक हजार नऊशे पंचावन्न.

"काका, हाई सगडी आते दोन हजार वॅटनी व्हयनी," ती घाबरून म्हणाली.

योगराजने फरशीवरचा आकडा बघितला, पट्टीवरचा आकडा बघितला आणि टाळी वाजवून उभा राहिला. "हजारनी सगडी मी दोन हजारनी करी दिन्ही! ऐकं का ताराबाई?"

"काका, थांब ना. गणित अर्धंच व्हयनं शे."

"बाकीनं उद्या देखसूत, मास्तरीणबाई."

आणि तो उद्या काही उजाडला नाही. ताराबाई आपल्या खोलीत गेली ती शेगडी घेऊनच परत आली. "योगराजभाऊ, मनी सगडी बी अशीच तेज करी द्या ना." तिची तार तुटलेली नव्हती, धडधाकट होती. योगराजने धडधाकट तार बाहेर काढली आणि निम्मी कापून उरलेली ताणून बसवली. त्याच दुपारी ओळीतल्या बाकीच्या खोल्यांमधूनही शेगड्या आल्या. शेवटच्या खोलीत मराठवाड्याकडची चार-पाच पोरे राहायची, त्यांनीही आपली आणली. योगराज उंबऱ्यात बसून हसत हसत सगळ्यांच्या तारा कापत होता आणि ताराबाई सगळ्यांना सांगत होती की हर्षदाने गणित करून बघितले आहे, हजारची दोन हजार होते. हर्षदा मागे उभी राहून रडकुंडीला आली होती. तिने धोका दाखवायला केलेल्या गणिताची सगळ्यांनी जाहिरात करून टाकली होती.

उरलेले अर्धे गणित तिने एकटीने केले, माझ्याशेजारी बसून. माझ्या वायरीला साडेआठ अँपिअर, तर पाच खोल्यांच्या पाच शेगड्या एकदम लागल्या की माळ्यावरच्या एका वायरीला चाळीसच्या वर. सुषमाबाईंना तिने वायरीची जाडी सांगितली होती. त्या म्हणाल्या होत्या की तेवढ्या वायरीने फार तर पंधरा-सोळा सोसावेत. आणि पुस्तकात आणखी एक ओळ होती. वायरीतली धारा दुप्पट झाली तर तिची उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हर्षदाने ती ओळ बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. मग शिडी चढली, साड्यांचा गठ्ठा सरकवला आणि वायरीला हात लावला.

पाचही शेगड्या एकदम कधी लागायच्या ते तिला सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी, पाळी बदलताना. दिवसपाळीवाल्यांचा डबा आणि रातपाळीवाल्यांचे पाणी, दोन्ही एकाच वेळेला. म्हणजे योगराज माळ्यावर झोपायला जायचा नेमका त्याच वेळेला.

"काका, तुना उशाजोडे वायर तापी ऱ्हायनी," ती त्याला म्हणाली.

तो पांघरूण ओढत होता. "थंडीना दिन शेत. तेवढीच ऊब लागस. बरं वाटस," असे म्हणून त्याने डोळे मिटले.

मग तिने एकच हट्ट धरला, काकाला माळ्यावर झोपू देऊ नका. वडिलांना सांगितले, आईला सांगितले. पण खाली सरलाबाई दिवसभर साडी पसरून बसायची, खडे आणि चिकटाचे डबे मांडलेले असायचे. पाय ठेवायला जागा नाही, तिथे माणूस कुठे झोपणार?

"खाले जागा कोठे शे, बेटा?" दगा म्हणाला. "हाऊ माल गया की झोपी तो खाले."

ते खोटे नव्हते. गठ्ठे गेले असते तर जागा झाली असती. हर्षदा रोज आईला विचारायची, माल कधी जाणार? सरलाबाई हात भराभर चालवायची. तिलाही पोरीची घालमेल दिसत होती. हर्षदाला वाटायचे, काकाला एकदा नीट समोर बसवून सगळे सांगावे. पण तो यायचा तेव्हा ती शाळेला निघायची, आणि ती यायची तेव्हा तो झोपेत असायचा किंवा डबा घेऊन निघालेला. एका खोलीत राहून त्या दोघांची नीट गाठ पडत नव्हती.

शेवटी माल तयार झाला. संध्याकाळी टेम्पो येणार होता. त्या सकाळी हर्षदा शाळेला जाताना हसत होती, मी बघितले. दगा कामावर गेला. योगराज जेवून माळ्यावर चढला. सरलाबाईने त्याच्या आंघोळीतून उरलेल्या पाण्याचे पातेले माझ्यावर पुन्हा चढवले आणि ती नळावर गेली. पलीकडच्या खोल्यांमधून भांड्यांचे आवाज येत होते. पाचही शेगड्या चालू होत्या.

आधी वास आला, रबर जळल्याचा. मग माळ्याच्या भोकातून धूर खाली उतरला, पातळ. ज्वाला मी बघितली नाही, गठ्ठ्यांच्या आड होती. पण त्या साड्या सुती नव्हत्या. त्या पेटत कमी आणि वितळत जास्त होत्या, आणि त्यांचा धूर काळा असतो. क्षणात खोलीत दिवसाढवळ्या काळोख झाला. योगराज खोकला. एकदाच खोकला. मला वाटले, आता उठेल, आता शिडीवर पाय दिसेल.

सरलाबाई हंडा टाकून धावत आली. "योगराज! ऊठ! ऊठ रे भाऊ!" ती शिडीवर चढली. शिडी लोखंडाची होती, तापली होती. तिने हात सोडले नाहीत. वरून वितळलेली साडी तिच्या मनगटावर पडली तेव्हा ती खाली कोसळली आणि ताराबाईने तिला ओढत बाहेर नेले. बाहेर लोक बादल्या घेऊन ओरडत होते. कुणीतरी ओरडले, लाईट बंद करा. मीटरजवळ जायला कुणी धजेना. फ्यूज उडायला हवा होता, पण त्यात जाड तार होती आणि ती शांतपणे सगळे सोसत होती. त्यामुळे मी चालूच राहिले. वर माणूस जळत होता आणि खाली मी त्याच्या आंघोळीचे उरलेले पाणी उकळत होते. मित्रांनो, मला विझता येत नाही. आम्हाला कुणीतरी विझवावे लागते.

योगराजला खाली कसे आणले ते मी सांगणार नाही. हर्षदा दुपारी दप्तर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि गर्दी बघून तिथेच उभी राहिली.

दोन-तीन दिवसांनी पोलीस पुन्हा आले आणि ह्या वेळी त्यांच्याबरोबर वीजखात्याचे एक साहेब. जळलेल्या खोलीत मी एकटी शाबूत होते. लोखंड आणि चिनी माती, आम्हाला काय होणार? साहेबांनी माळ्यावरची जळकी वायर बघितली, फ्यूज उघडला, मला हातात घेऊन माझी तार बघितली. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी गुजरातीत विचारले, "आ कोणे कर्युं?" हे कुणी केले?

दगा मान खाली घालून बसला होता. फ्यूजमधली तार त्याच्या हातची होती आणि माझ्यातले जोड त्याच्या मेलेल्या भावाच्या हातचे. कोणते नाव सांगायचे?

"साहेब, शॉर्टसर्किट नथी," हर्षदा पुढे येऊन म्हणाली. "लोड हतो." सगळे शॉर्टसर्किट म्हणत होते, पण वायरीला वायर चिकटली नव्हती, भार जास्त झाला होता. आणि तिने सगळे सांगितले, सत्तावीस ओहम, साडेआठ अँपिअर, पाच खोल्या. तार कुणी कापली तेवढे मात्र सांगितले नाही. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दगाकडे बघितले, बाहेर बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांकडे बघितले आणि हवालदाराला म्हणाले, शॉर्टसर्किट लिहा. त्यांनी दया केली असे सगळ्यांना वाटले. शॉर्टसर्किट म्हटले की कुणाचा दोष राहत नाही. वर्तमानपत्रातही तेच छापून आले.

तेवढ्यात ताराबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. फार लवकर आली. हर्षदाने कपाकडे बघितले आणि विचारले, "मावशी, सगडी तीच शे?"

ताराबाईच्या डोळ्यांत पाणी आले. "हाई भाऊना हातनी शे, बेटा. मी जिवंत शे तोवर बदलणार नही."

तिने ते प्रेमाने म्हटले होते. बाकीच्या खोल्यांमधल्या बायकांनीही माना डोलावल्या. योगराजची आठवण म्हणून सगळ्यांनी त्या शेगड्या तशाच ठेवल्या होत्या आणि मालकाने जळलेल्या वायरीऐवजी तशीच दुसरी बाहेरून ओढून दिली होती. हर्षदा ताराबाईच्या खोलीत गेली. तिने वायर ओढून काढली, शेगडी उचलून बाहेर आणली आणि गल्लीच्या फरशीवर आपटली. चिनी मातीची तबकडी फुटली.

"काकाले हाईनीच खादं," ती म्हणाली. काकाला हिनेच खाल्ले.

ताराबाईने हंबरडा फोडला. बायका उठल्या. साहेब, हवालदार, सगळे बघत राहिले. सरलाबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. ती उठली आणि पोरीजवळ गेली. सगळ्यांना वाटले, आता मारणार. पण ते हात मारण्यासारखे राहिले नव्हते. ती फुटलेल्या तबकडीकडे बघत राहिली. योगराजच्या हातची तार खाचेतून बाहेर लोंबत होती.

"फोड," सरलाबाई म्हणाली. "बाकीन्या बी फोड."

मग मी आवाज ऐकले, एकेका खोलीतून. शेवटच्या खोलीला कुलूप होते. मराठवाड्याची पोरे बाहेर गेली होती. त्यांची शेगडी आत होती आणि त्यांच्यातलाही एकजण रातपाळीचा होता, योगराजसारखा दिवसा झोपणारा. हवालदाराने मला गाडीत टाकले तेव्हा हर्षदा त्या कुलूपबंद दारापुढच्या पायरीवर बसलेली मला दिसली. ती पोरे येईपर्यंत तिथून उठणार नव्हती. पुढे काय झाले ते मला माहीत नाही. गाडी वळली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिची तार तुटल्यावर टोके अडकवून ती चालू करू नका. नवी तार त्याच मापाची बसवा, नाही मिळाली तर तिला बाजूला ठेवा आणि गार जेवा. ती लवकर तापायला लागली म्हणून तिचे कौतुक करू नका, तिच्या वायरीला हात लावून बघा. फ्यूज उडाला तर त्याला शिव्या देऊ नका, तो तुमच्यासाठीच जळला आहे. आणि घरातले एखादे लेकरू फरशीवर खडूने काही मांडून तुम्हाला हाक मारत असेल, तर हातातले काम ठेवून त्याचे गणित शेवटपर्यंत ऐका. आमच्या योगराजने ते अर्ध्यापर्यंतच ऐकले होते.